पातेल्याचा तळ

माझ्या ताईला दोन माणसांचा स्वयंपाक येत नव्हता. हसू नका, खरं सांगते. बत्तीस वर्षं तिनं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. दोनशे माणसांचा भात नुसत्या हाताच्या अंदाजानं टाकायची. पण निवृत्त होऊन घरी आली आणि खाणारी तोंडं उरली दोन, ती आणि दाजी. तिथं बाईसाहेबांचा हात काही आखडेना.

इस्पितळात रोज सकाळी प्रत्येक वॉर्डातून चिठ्ठी यायची, आज जेवणारे इतके. ताई त्यावर आणखी दहा धरायची. ‘वरचे दहा’ म्हणायची ती त्यांना. ऐनवेळी कोणी भरती झालं तर उपाशी राहायला नको. वाढताना डाव पातेल्याच्या तळाला खरखरला की ती रांगेत उरलेली माणसं मोजायला लागायची. तो आवाज म्हणजे रांगेतल्या कुणाचं तरी ताट कोरडं राहणार. आता घरी कोण भरती होणार होतं? पण वरचे दहा चालूच!

मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. एकदा म्हटलं, "अगं, पलटण येणार आहे का जेवायला?"

"उरलं तर उरलं. आमच्याकडे कणसुद्धा वाया जात नाही," ती तोऱ्यात म्हणाली. आणि खरंच, फ्रिजमधले डबे दुसऱ्या दिवशी रिकामे असायचे.

ते कसे रिकामे व्हायचे, हे मला ठाऊक होतं. एकदा दुपारी चारला मी भांडं परत द्यायला खाली गेले. ताई गच्चीवर कपडे काढायला गेली होती. दाजी फ्रिजसमोर उभे राहून कालचा गार भात डब्यातूनच खात होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "खाऊन माजावं, टाकून माजू नये," म्हणाले आणि डोळा मिचकावला. मीही हसले. तिथंच माझं चुकलं.

दाजी पोस्टमन होते. जन्मभर पायी फिरले. निवृत्तीनंतरही सकाळी दोन तास चालल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यात साखरेचा आजार. डाव्या पायाच्या अंगठ्याला बूट चावला आणि ती जखम तीन महिने भरेना. बूट आणि फिरणं दोन्ही बंद. मी त्या दोघांबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले होते.

"खाता काय?" त्यांनी विचारलं.

"एक वाटी भात. मी स्वतः मापून वाढते!" दाजींच्या आधी ताईच बोलली.

"मग साखर इतकी कुठून येते?" डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. "दीड महिना बघू. साखर उतरली नाही आणि जखम अशीच राहिली, तर अंगठा काढावा लागेल."

दाजींनी मान खाली घातली. माझ्याच्यानं राहवेना. "ताई, उरलेलं सगळं ते खातात. रोज. चार वाजता."

घरी आल्यावर ताई दारातच दाजींना म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? मला वाटायचं, डबे फाटकावरच्या रखवालदाराला देता."

"तू एवढ्या हौसेनं करतेस," दाजी म्हणाले. "टाकवत नाही गं."

"म्हणजे माझ्या घरातला कचऱ्याचा डबा तुम्ही!" तिचा आवाज फाटला. मला वाटलं, आता रडते. पण पदर खोचून ती थेट स्वयंपाकघरात गेली, मोठं पातेलं उचललं आणि माझ्या हातात कोंबलं. "हे वर घेऊन जा. मी मागितलं तरी देऊ नकोस. उरलं तर हे खाणार. उरणारच नाही, मग काय खातील?"

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी लागली. दाजींनी सकाळी त्यावर लिहायचं, दुपारी जेवणारे किती, संध्याकाळी किती. मलाही हुकूम सुटला, "येणार असशील तर नऊच्या आत कळव. नंतर आलीस तर पाणी मिळेल!" तांदळाच्या डब्यात तिनं चहाचा कप टाकला. हातानं तांदूळ घ्यायचे नाहीत, कपानंच घ्यायचे. घरात काय शिल्लक आहे ते बघितल्याशिवाय बाजाराची पिशवी उचलायची नाही. भाजी आणायची ती तीन दिवसांपुरतीच.

पण जित्याची खोड! पहिल्या आठवड्यात कप घेतल्यावरही तिचा हात आपोआप एक मूठ वर टाकायचा. मग स्वतःवरच खेकसत ती दाणे वेचून परत डब्यात टाकायची.

एके दिवशी डाव खरखरला. खरोखरच तळ लागला. दोन्ही ताटं वाढून झाली होती, तरी ताईचा चेहरा पडला. ती तशीच जिना चढून माझ्या दारात आली. "भात आहे का गं थोडा?" मी उठणार, तोच म्हणाली, "नको. काही नको. बस तू." आणि पाठ फिरवून खाली गेली. अर्ध्या जिन्यात थांबली, पण परत वर आली नाही.

चार वाजता दाजी सवयीनं फ्रिज उघडायचे. आत चिरलेली काकडी आणि वर कागद, ‘यावर भागवा.’ कुरकुरत खायचे बिचारे. पण खायचे.

दीड महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"साखर उतरली. जखमही सुकत आली. अंगठा राहील," त्या म्हणाल्या. ताई एवढे दिवस न रडलेलं सगळं तिथंच रडली.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. नऊच्या आत कळवलं होतं, हो! ताईनं दाजींना वाढलं, मला वाढलं, शेवटी स्वतःला. डाव तळाला लागून खरखरला.

दाजी हात धुऊन आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसले आणि कोपऱ्यातले बूट पुढे ओढले. साडेचार महिन्यांनी दोन्ही पायांत बूट! "फाटकापर्यंतच जातो," म्हणाले. जिन्यावर त्यांची पावलं वाजत खाली गेली.

ताई ऐकत राहिली. मग पातेलं रिकामं होतं तरी तिनं डाव आत घातला आणि मुद्दाम आणखी एकदा तळ खरवडला.