दिराच्या पायातला नारू

हे मी कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तो गेला, दीरही गेला — आता तुम्ही ऐका.

माझा दीर पुण्याला कॉलेजात होता. क्रिकेट, हॉकी, कुस्ती, धावणे — सगळ्यांत पुढे. खालापूरकडच्या आमच्या गावात हॉकी कोणी पाहिली होती? पण तो सुट्टीला आला की अंगण माणसांनी भरायचे. माझा नवरा भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजून काळाठिक्कर होऊन यायचा — त्याला कोणी पाणी तरी विचारले? दिराचे चांदीचे कप राखेने घासायचे मी. मला चौथीतून काढून घरी बसवले होते.

त्या उन्हाळ्यात दिराच्या घोट्याला नारू झाला. विहिरीच्या पाण्याने व्हायचा तेव्हा. कातडीतून दोऱ्यासारखा किडा निघतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडतो, हे पोराटोरांनाही ठाऊक. माझा हात हलका, म्हणून सासूने काम मला दिले.

पावसाळ्यात त्याला हॉकीचा कप्तान करणार होते. रोज विचारायचा, "वैनी, किती ऱ्हायला गं?"

एके दिवशी अशीच माणसे बसली होती. मी काडी फिरवत होते. तो म्हणाला, "वैनी, राख साठवून ठेव गं. औंदा दुप्पट कप आणतो!"

सगळे हसले. माझा नवराही हसला.

आणि मी — झटका दिला. हात सुटला असेल, म्हणाल? नाही. काडी घट्ट धरून दिला.

तो ओरडला. मी त्याहून मोठ्याने ओरडले, "हाललात कशाला ओ भावजी?"

तो घाबरून बघत राहिला. "हाललो का गं मी?"

"हाललात."

पाय फुगला, पू झाला, ताप चढला. जगला, पण घोटा आखडला तो कायमचा. कॉलेज सुटले, खेळ सुटला. जन्मभर माझ्या मुलांना सांगायचा — तुमच्या आईनं लई केलं रं, मीच हाललो. मी जेवण वाढता वाढता ऐकायचे.

पहिल्यांदा काठी टेकत तो अंगणातून निघाला, तेव्हा मी दारात उभी होते. मला दया आली असेल, असे वाटते तुम्हाला? — बरे वाटले. तो मरेपर्यंत, त्याला लंगडताना पाहिले की बरेच वाटायचे.