सरळ उभी पृथ्वी

पद : वरिष्ठ जोडणी तज्ज्ञ, अक्षकोन विभाग. शिक्षण : अनुभवसिद्ध. बांधा काटक, नजर तीक्ष्ण, गुडघे वगळता प्रकृती उत्तम. वर्तणूक सरळ. बैठ्या स्वरूपाच्या कोणत्याही जबाबदारीस सर्वस्वी पात्र.

हा मजकूर जावयाचा. शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात तो कागद चिकटवतो. नकाशाच्या टोकदार पाकळ्या कापायच्या आणि गोलावर अशा बसवायच्या की महासागराला सांधा दिसू नये. सासऱ्यालाही तिथंच चिकटवायचं तर अर्ज वजनदार हवा, असं त्याचं मत पडलं. ‘अक्षकोन विभाग’ हे नावही त्यानंच काढलं. प्रत्यक्षात ते खिडकीजवळचं एक मेज होतं, आणि तिथलं काम एकच : लाकडी बैठकीला गिरमिटानं भोक पाडायचं. गोलाच्या आरपार गेलेली सळई त्या भोकात ठोकली की पृथ्वी तयार.

सासरा जन्माचा सुतार. दाराच्या चौकटी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. दोरीला टांगलेलं पितळी वजन, म्हणजे ओळंबा, त्याच्या खिशात कायम असायचं, म्हणून लोक त्यालाच ओळंबा म्हणत. कोणाकडे पाहुणा गेला तरी हा आधी भिंती बघायचा, मग माणसं. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर काम सुटलं आणि तो लेकीकडे राहायला आला. आल्या आल्या घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ केल्या. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेव्हापासून तो जेवताना दुसऱ्यांदा भाजी घेईना.

लेकीच्या नजरेतून ते सुटलं नाही. नवऱ्याला म्हणाली, “बाबांना काहीतरी काम बघ. रिकामं बसून मिळालेला घास त्यांच्या घशाखाली उतरत नाही.”

कारखाना एका निवृत्त भूगोल शिक्षिकेचा. त्यांना सगळे बाईच म्हणतात. बाईंनी अर्ज वाचला, हसू दाबलं आणि माणूस ठेवून घेतला. मेजावरचा साचा दाखवला. त्यात एक लोखंडी नळी बसवलेली होती. साचा बैठकीवर ठेवायचा आणि नळीतून गिरमिट घालायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या.

साचा बघून ओळंब्याला वाईट वाटलं. नळी तिरकी होती, आणि थोडीथोडकी नव्हे. मांडणीवरचे जुने गोलही कलंडलेले होते, म्हणजे बिघाड बराच जुना. आधीच्या माणसानं साचा कधीतरी पाडला असणार आणि बाईंना, बिचाऱ्यांना, मोतीबिंदूमुळे दिसलं नसणार. त्यानं कोणाच्या नावानं खडे न फोडता, ओळंबा लावून, नवा साचा केला.

बाई काळा चष्मा लावून परतल्या तेव्हा मांडणीवर पृथ्व्यांची अख्खी पलटण सावधान उभी होती. बाईंना आधी वाटलं, ऑपरेशन बिघडलं. त्यांनी चष्मा काढला, दार बघितलं, खिडकी बघितली. दोन्ही होती तशीच होती.

“मिस्त्री, हे काय केलंत?”

“सरळ केलं.” ओळंबा शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला लागतं, बाई? दिसतंय की.”

जावयाचा हात कागद चिकटवायच्या खळीत तसाच राहिला. “मामा,” तो हळूच म्हणाला, “पृथ्वी वाकडीच असते.”

“मग इतके दिवस शेजारी बसून काय करत होतात, जावईबापू?”

“मी सांधे बघतो हो. उभी की आडवी, ते माझ्याकडे नाही.”

बाईंनी शिकवणं सोडलं होतं, पण शिकवण्यानं बाईंना सोडलं नव्हतं. त्यांनी मेजावर दिवा लावला. आधी सरळ गोल त्याच्याभोवती फिरवला. कुठंही नेला तरी वरच्या आणि खालच्या अर्ध्यावर उजेड सारखाच. मग जुना, तिरका गोल घेतला. सळईचं वरचं टोक सतत कपाटाकडे ठेवून त्या दिव्याभोवती चालल्या. दिव्याच्या एका बाजूला वरचा अर्धा उजेडाकडे झुकला. ऊन थेट, दिवस मोठा. पलीकडे गेल्यावर तोच अर्धा उजेडापासून मागे कलला. ऊन तिरपं, दिवस आखूड.

“हा उन्हाळा आणि हा हिवाळा,” बाई म्हणाल्या.

“मला वाटायचं, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो,” जावई म्हणाला.

“जवळ आल्यानं झालं असतं, तर सगळ्या पृथ्वीला एकदमच उकडलं असतं. वरच्या अर्ध्यात उन्हाळा असतो तेव्हा खालच्यात हिवाळा असतो. मिस्त्री, तुम्ही केलेल्या पृथ्वीवर ऋतूच होणार नाहीत.”

ओळंब्यानं विचार केला. “मग वाईट काय आहे त्यात? दारं तरी फुगायची नाहीत.”

“दारं?”

“दमट हवेत लाकूड फुगतं. चौकट मी तंतोतंत बसवायचो, आणि हवा पालटली की घरमालक दारात उभा : मिस्त्री, दार लागत नाही. रंधा मारून द्यावा, तर कोरड्या दिवसांत तोच पुन्हा हजर : मिस्त्री, फट पडली.” त्यानं तिरक्या गोलाकडे बोट केलं. “म्हणजे जन्मभर मी शिव्या खाल्ल्या त्या हिच्या पायी?”

“बऱ्याचशा,” बाई म्हणाल्या. “आता ऐका. शाळा उघडायच्या आत हे सगळं दुरुस्त व्हायला हवं. मला तिरकं भोक पाडणारा माणूस लागतो. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी दुसरा बघते. त्यात राग नाही.”

राग नव्हता, हेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते.

सरळ भोकं खुंट्या ठोकून बुजवणं सोपं गेलं. अडलं पुढं. हात तिरका चालेना. गिरमिट जुन्या साच्याच्या नळीत घातलं की मनगट आपोआप उभं व्हायचं आणि नळीशी भांडायचं. भोक ऐसपैस पडायचं. सळई त्यात डुलायची, आणि तिच्यावरची पृथ्वी हरेक धक्क्याला मान हलवून होकार द्यायची. बाईंनी एक गोल हलवून बघितला, खाली ठेवला आणि फोनची डायरी चाळायला घेतली.

त्या दिवशी घरी ओळंब्यानं पहिल्यांदाही भाजी घेतली नाही.

“मामा, हात जरा सैल सोडा,” जावई म्हणाला. “सरळ बोटानं तूप निघत नाही.”

“माझं बोट मला माहितीये.”

“बाबा, जमेल,” लेक म्हणाली.

“नाही जमणार. वाकडं काम हातानं कधी केलेलं नाही. हात ऐकत नाही.”

सकाळी तो सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेला. जावई पोचला तेव्हा अक्षकोन विभाग उलटा पडला होता आणि ओळंबा त्याचे दोन पाय करवतीनं कापत होता. मेज सुलटं केलं तेव्हा ते खिडकीकडे छपरासारखं उतरतं झालं होतं. उतार त्यानं तिरक्या गोलाच्या सळईवरूनच मोजून घेतला होता. बैठक त्या उतारावर पट्टीनं आवळून त्यानं वरून ओळंबा सोडला, गिरमिट दोरीच्या शेजारी धरलं आणि डोळ्यांच्या रेषेत, उभ्याच्या उभं, भोक पाडलं.

“नाचता येईना, म्हणून अंगण वाकडं केलंत की!” जावई म्हणाला.

“सळई द्या इकडे.”

सळई बसली. बैठक सपाट फळीवर ठेवली. पृथ्वी कलली होती आणि हलत नव्हती. बाईंनी ती जुन्या गोलाशेजारी धरून बघितली, एकदा चष्म्यातून, एकदा चष्म्याविना. मग कापलेल्या पायांकडे बघितलं.

“मेज माझं होतं, मिस्त्री.”

“हो. आता भोकं सरळ पाडता येतात.”

बाईंनी डायरी मिटून खणात टाकली. गोल शाळांकडे वेळेत गेले आणि ओळंबा कामावर राहिला, अजून आहे. अक्षकोन विभागात चहाचा कप ठेवता येत नाही.