काळ्या रंगाला बंदी

अनसिंगच्या दौलतसिंग सरांच्या चित्रवर्गात दोन गोष्टींना बंदी होती, मोबाईल आणि काळा रंग. मोबाईल आम्ही लपवून नेत असू. काळा रंग नेण्याची कोणाची छाती झाली नाही. सरांनी उजेडावर एक पुस्तक लिहिलं होतं. ते खपलं नाही, म्हणून आम्हा विद्यार्थ्यांना वाढदिवसाला मिळायचं. मला तीनदा मिळालं. त्याचं सार एवढंच की सावली काळी नसते. निळी असते, जांभळी असते, कधी हिरवीसुद्धा. "काळा लावते तो आळशी," सर म्हणायचे. "त्यानं पाह्यलंच नाही."

मग आसेगावच्या चतुराबाई आल्या. त्यांचे यजमान रामराव जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला त्यांना चित्र हवं होतं. घरात एकच फोटो, आणि तोही मोठा करताना स्टुडिओवाल्यानं रामरावांना नव्या जावयासारखं गोरंपान करून ठेवलेलं. रोज तो पाहून पाहून आपण खरा चेहरा विसरून जाऊ, ही बाईंची भीती होती.

सरांनी जीव ओतून चित्र काढलं. गालावर जांभळी छटा, गळ्याखाली निळी. आम्ही धन्य झालो. चतुराबाईंनी कपाळाला हात लावला.

"अवो मास्तर, यायले साप चावला काय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी बाईंना लिंबाच्या सावलीत नेलं, हात पुढे धरायला लावला आणि पुस्तकातलं अख्खं प्रकरण ऐकवलं. बाईंनी स्वतःचा हात नीट निरखला.

"हाये खरी निळी झाक," त्या म्हणाल्या. "तुमी खोटं नाही बोलून राह्यले. पन मले उजेड नाही पायजे, मास्तर. मले मानूस पायजे. आमचे हे काळे होते. वावरासारखे काळे."

सर मला घेऊन वाशीमला गेले. दुकानात त्यांनी इतक्या हळू आवाजात मागितलं की दुकानदार ओरडूनच म्हणाला, "कोनता? काळा?" सरांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. मला त्यांची दया आली.

आठवड्यानं चतुराबाई पुन्हा आल्या. सरांनी चित्रावरचा कपडा काढला आणि चार शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी घाईघाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वावरातून घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं चित्राला विचारलं, "आले का?"