माझे नसलेले नऊ हजार किलोमीटर

कागद न वाचता सही केली, हा गाढवपणा माझाच. भिवंडीच्या गोदामांना पॅकिंगचे खोके पुरवायचं काम मी तेव्हा करायचो. दापोड्यापासून अंबाडीपर्यंत दिवसभर भटकंती. बाइकवर पाठीचं भुसकट झालं, तेव्हा एका फायनान्स कंपनीकडून तीन वर्षांच्या कराराने छोटी गाडी घेतली. शोरूमची डेमो गाडी, म्हणजे गिऱ्हाइकांना फिरवून दाखवलेली, म्हणून हप्ता जरा कमी. अट एवढीच, की वर्षाला अठरा हजार किलोमीटरच्या वर गेलात तर प्रत्येक जादा किलोमीटरचे पैसे मोजायचे. जामीन म्हणून माझ्या मोठ्या भावाने सही केली. दादा टेम्पो चालवायचा, आणि टेम्पोवाल्याच्या सहीला तेव्हा भिवंडीत किंमत होती.

दोन वर्षांनी माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेलं गोदाम बंद पडलं. हप्ता झेपेना. करार लवकर मोडून गाडी परत करायची ठरवली, तर कंपनीचं पत्र आलं. मी फोनवर सांगितलेला मीटरचा आकडा पंचेचाळीस हजार, मुभा छत्तीस हजारांची, म्हणजे नऊ हजार किलोमीटर जादा; पक्का आकडा गाडी तपासल्यावर ठरणार. रक्कम वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, गाडी माझ्या हातात आली तेव्हाच ती नऊ हजारांच्या वर चाललेली होती! पण करारात सुरुवातीच्या आकड्याच्या जागी शून्य लिहिलेलं होतं, आणि त्याखाली माझी झोकदार सही.

महिनाभर भांडलो. फोनवर भांडलो, काउंटरवर भांडलो. ‘‘असं सगळेच म्हणतात,’’ एवढंच उत्तर. घरी जेवतानाही माझं तेच पुराण चालू. बायको वैतागून म्हणायची, ‘‘आधी जेवा, मग भांडा.’’ दादा मात्र शांतपणे मान हलवायचा. ‘‘बराबर हाय तुजा. तू कशाला खोटा बोलशील?’’ एक माणूस तरी आपलं खरं मानतो, या आधारावर मी तो महिना काढला.

कोन गावातल्या कंपनीच्या यार्डात गाडी तपासायला न्यायची होती. आदल्या दिवशी संध्याकाळी ती धुवायला काढली. बॉनेट उघडून आत फडका मारताना काळ्या चिकट थराखाली एक स्टिकर दिसला. शोरूमच्या गॅरेजात ऑइल बदलल्याचा. तारीख मला गाडी मिळण्याच्या चार दिवस आधीची, आकडा ९,२०० आणि खाली गॅरेजचा शिक्का. मी तिथेच चिखलात उकिडवा बसलो. हसू आलं, रडूही आलं. यार्डात कुणी खरवडून टाकेल या संशयाने मी तो नखाने अलगद सोडवून घेतला आणि कुणाला सांगितलं नाही. दादालाही नाही. कंपनीच्या साहेबाचं तोंड कसं पडतं ते मला सगळ्यांदेखत बघायचं होतं. हुकमाचं पान हातात आलं की मी ते दाबून ठेवतो, ही माझी जुनी खोड.

सकाळी दादा म्हणाला, ‘‘चावी दे, पेट्रोल टाकून आनतो.’’ दीड तासाने आला, मोठ्या खुशीत. यार्डापर्यंत त्यानेच गाडी चालवली. मी बाजूला बसून मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होतो. मीटरकडे बघायचं मला सुचलंच नाही.

यार्डातल्या चष्मेवाल्या साहेबांनी आत वाकून आकडा वाचला. ‘‘चौतीस हजार नऊशे.’’

मला वाटलं चुकून वाचला. मी वाकलो. आकडा तोच होता. साहेबांनी सावकाश रजिस्टर उघडलं.

‘‘सहा महिन्यांपूर्वी आमच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला आली तेव्हा एक्केचाळीस हजार. त्यानंतर काय रिव्हर्समध्येच फिरलात?’’ मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘मीटरला हात कोणी लावला? आत्ता सांगा, नाहीतर पोलिसांत तक्रार जाईल.’’

मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, ‘‘मी.’’ त्याचं लायसन्स म्हणजे त्याच्या घरातली चूल होती. दुसरं काही सुचायला वेळच नव्हता.

स्टिकर शर्टाच्या खिशात होता. तो काढला नाही. मीटर फिरवणाऱ्याचा कागद कोण खरा मानणार? आणि काढला असता, तर दादाला तिथेच कळलं असतं, की आपण नुसते गप्प बसलो असतो तर भाऊ जिंकला असता. पोलीस नकोत, पण जादा किलोमीटरचे पैसे दंडासकट भरायचे, असं ठरलं. या खेपेला प्रत्येक ओळ वाचून सही केली.

बाहेर कल्याण रोडवर रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. दादाने एक रिकामी रिक्षा तशीच जाऊ दिली. मग म्हणाला, ‘‘माजा चुकला. दोस्त हाय मेकॅनिक, तो बोलला कुनाला कलनार न्हाय.’’

‘‘पण दादा, कशाला?’’

‘‘अरे, मना वाटला, तू जास्त फिरवलीस नं आता अडकलास. तुला तोंडावर कसा बोलू? म्हनून हो ला हो केला.’’

म्हणजे महिनाभर तो मान हलवत होता, ती मला खोटारडा समजून. इतकं लागलं मला, की कंपनीचं काहीच वाटेना. आणि खोटारडा समजूनही हा माणूस माझ्यासाठी स्वतःचं पोट पणाला लावायला निघाला होता. यावर चिडायचं तरी कसं?

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत अक्षरशः विनवणी होती. ‘‘आता माज्याशी तरी खरा बोल. सगली तूच फिरवलीस ना?’’

माझा हात खिशाकडे गेला. स्टिकरचा कोपरा बोटाला लागला.

‘‘हो दादा,’’ मी म्हणालो. ‘‘सगली मीच फिरवली.’’

त्याने मोठा श्वास सोडला. ‘‘मना म्हाईतच व्हता,’’ म्हणाला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रिक्षा थांबवली.