वरचा दात

रडणाऱ्या लेकराच्या तोंडात करंगळी घालायच्या आधी ती त्याच्या तोंडाशी कान नेई आणि हळूच विचारी, "आत कोन हाये?"

पहिल्यांदा ती आमच्या घरी आली तेव्हा मी चुलीपाशी होते. मला वाटलं, मलाच विचारतेय. म्हटलं, "मी आहे, या की!" वळून पाहते तो काय, माझी सहा महिन्यांची छबू तिच्या मांडीवर, आणि ही बया छबूच्या हिरड्यांशी बोलतेय. दाराला कडी मी स्वतः घातली होती, एवढं मला पक्कं आठवतं.

बऱ्हाणपूरच्या आमच्या लालबागेत सगळे तिला दातवाली मावशी म्हणत. मूळची तुकईथड गावची, राहायची स्टेशनमागच्या एका खोलीत. कुणाच्या बाळाला दात येऊ लागले की न बोलावता हजर. करंगळीचं नख काढलेलं, हात स्वच्छ धुतलेला, बोटाला उगाळलेलं ज्येष्ठमध. आधी खालची हिरडी चाचपायची, मग वरची. "खालचा हाये, येऊ द्या," म्हणून उठायची. लेकरू गप्प व्हायचं. इतकं गप्प, की नवख्या आया घाबरून त्याच्या नाकाशी सूत धरून पाहायच्या.

चहा कधी घेतला नाही. "नको माय, अजून दोन घरं हायेत," म्हणायची. ज्या घरांची नावं घेई, तिथली पोरं तेव्हा मजेत खेळत असत. संध्याकाळपर्यंत तिथून रडं ऐकू येई. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांना हसतो आणि गरज पडली की वाट बघतो.

मीही हसायचे. मी पडले व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली बाई, त्यात मास्तरांची बायको! "मावशी, दातांना ऐकू येतं का हो?" असं मी तिला तोंडावर विचारलं होतं. ती म्हणाली, "तुले येते ना ऐकू? मंग बस चूप."

तेव्हा संस्थानं एकेक करून विलीन होत होती, आणि हैदराबादचं काय होणार, हाच गावभर विषय. आमचे हे शाळेतून आले की पेपर मोठ्यानं वाचायचे. मला ऐकवत नसे. माझा एकुलता एक भाऊ फौजेत होता आणि त्याची पलटण तिकडेच गेली होती. महिना झाला, पत्र नव्हतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

अशात छबू पुन्हा किरकिरायला लागली. मावशी आली. "आत कोन हाये?" बोट खालच्या हिरडीवरून फिरलं, वर गेलं आणि थांबलं. नेहमीचं "येऊ द्या" आलंच नाही. तिनं बोट काढलं, पदराला पुसलं आणि विचारलं, "तुले भाऊ किती वं माय?"

"एकच."

"कुठं हाये?"

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. बाळाला वरचे दात आधी आले तर ते मामाला वाईट, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही जाणतं. मामानं काशाची वाटी आणून भाचीच्या हातात द्यायची, मग दोष जातो. पण माझा भाऊ वाटी घेऊन येणार कुठून?

"मी थांबवते त्याले," मावशी म्हणाली. "खालचा येऊन जाऊ दे पहिले."

आणि ती रोज येऊ लागली. अंगठ्यानं वरची हिरडी दाबून धरायची आणि छबूच्या तोंडात पुटपुटायची, "तू नाही. तू थांब. तुझी पाळी नाही." जिच्या हाताखाली गावातली पोरं शांत व्हायची, तिच्या हाताखाली माझी छबू किंचाळत होती. मी छबूचे पाय धरून बसायचे. हो, मी. दातांना ऐकू येतं का म्हणून विचारणारी. भाऊ वाचावा म्हणून पोटच्या पोरीला मी नऊ दिवस रडवलं. आजही ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

मधेच एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कशी हो एवढी फिकर?"

"माझ्या पोराले वरचे आले होते," ती म्हणाली. "भाऊ इथं बऱ्हाणपूरच्या बाजारात वाटी आणाले आला. परतताना तापीत गेला. वाटी सापडली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्हाला वाटे, ती लेकरांचं रडं थांबवायला येते. ती घरोघर वरचा दात शोधत हिंडत होती.

दहाव्या दिवशी छबू तापानं फणफणली. हुंदका द्यायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. मावशीनं अंगठा पुढे केला आणि मी तिचं मनगट धरलं. "पुरे. येऊ दे वरचा."

"आन् भाऊ?"

मला रडू फुटलं. "येऊ दे म्हटलं ना!"

तिनं अंगठा पदराला पुसला आणि ती निघून गेली. संध्याकाळी दूध पाजताना वाटीवर टक् वाजलं. वरचा दात आला होता. ताप उतरला, छबू झोपली, आणि मी देवापुढे बसून भावाचं नाव घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. एरवी तिनं दार कधी वाजवलं नव्हतं. उघडलं तर मावशी. डोक्यावर पुरुषाचा जुना पांढरा फेटा, अंगावर सदरा, खाली तिचं नेहमीचं लुगडं. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मामा आलाय," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "भाचीले आन."

मी छबूला पुढे केलं. तिनं सदऱ्यातून काशाची वाटी काढून छबूच्या हातात दिली. जुनी वाटी, काठ हिरवा पडलेला, तळाशी बारीक वाळू. इतक्या वर्षांत ती वाटी तिनं घासली नव्हती.

"मावशी, हे काय करताय?" मी विचारलं.

"त्या दाताले काय माहीत, मामा कोन ते?" ती म्हणाली आणि स्टेशनाच्या नाही, तापीच्या वाटेनं चालू लागली. मी हाक मारली. तिनं मागे पाहिलं नाही. माझ्याही पायांनी उंबरा ओलांडला नाही, आणि त्याची बोचणी मला आजतागायत आहे.

त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. ह्यांनी तिच्या खोलीवर जाऊन पाहिलं. हंडा भरलेला, अंथरूण गुंडाळलेलं, कोनाड्यात ज्येष्ठमधाची कांडी. लालबागेतली पोरं त्या साली फार रडली.

भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. पुढे पंधरा दिवसांनी एका सकाळी भाऊ दारात उभा! वाळलेला, पण धडधाकट. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. त्यानं छबूला उचललं. छबू काशाची वाटी जमिनीवर आपटत बसली होती, ती वाटीही तिच्या हातात तशीच वर आली.

"ही कुणी गं दिली हिला?" त्यानं विचारलं.

"हिच्या मामानं."

"अगं वेडे, मामा तर मी!"

"तू धाकटा मामा," मी म्हटलं आणि त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवायला आत गेले.