टायगरचं तूप

"डागदर, मी सुनंला उपाशी ठिवत न्हाई, असं कागदावर लिवून द्या. खाली शिक्का मारा."

दहिवडीच्या माझ्या दवाखान्यात तानूबाई पाय रोवून उभी होती. मागे तिची सून सोना, तोंडाला पदर लावून खोकत. वय सतरा-अठरा, मनगट माझ्या स्टेथोस्कोपच्या नळीएवढं. लढाईचे दिवस होते. नवरा पलटणीत, दिवाळीला रजेवर यायचा होता. तो लांब गेल्यावर सासूनं पोरीचे हाल मांडलेत, असं गाव बोलत होतं. सोनाचा बाप आटपाडीकडचा. पोर अशीच वाळत राहिली तर कायमची घेऊन जाईन, असा त्यानं निरोप धाडला होता.

"खायला काय घालता?" मी विचारलं.

"काय न्हाई घालत ते इचारा. दूध, अंडी, तुपातली भाकरी. म्होरं बसून घालती. ताट पुसून घेती बया. आन् अवतार बघा."

मी ताजा एलसीपीएस होतो. म्हणजे डॉक्टरकीचा डिप्लोमावाला; रुबाब मात्र सिव्हिल सर्जनचा. सोनाच्या छातीत खरखर होती. थुंकी साताऱ्याला तपासून आणली, टीबी निघाला नाही. टीबी नाही म्हणजे अशक्तपणा, आणि अशक्तपणाला माझ्याकडे एकच उत्तर होतं: न्यूट्रिशन. तूप दुप्पट, दूध दुप्पट, वर कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे माशाच्या यकृतापासून काढलेलं तेल.

"दुप्पट?" सोना हळूच म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

पुढच्या खेपेला वजन आणखी उतरलेलं. मी तूप तिप्पट केलं. तरीही उतरलंच, तेव्हा सायकल काढून त्यांच्या गावी गेलो.

दारात एक कुत्रं पोत्यासारखं पसरलं होतं. तानूबाईच्या मुलानं पलटणीतल्या साहेबाच्या कुत्र्यावरून त्याचं नाव टायगर ठेवलेलं. साऱ्या माण तालुक्यात माणसांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात आणि ह्याला मान नव्हती. परका माणूस दारात आला तरी त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"ह्याला काय घालता?"

"शिळंपाकं. टायग्याच्या अंगाला लागतं, काय करायचं?"

"बघ," मी सोनाला उपदेश केला, "प्रकृती अशी असावी."

ती ओसरीवर बसली होती आणि एक शेळी तिचा घामेजला हात एकसारखी चाटत होती. "मायाळू जनावर आहे," असाही अभिप्राय मी दिला. रोगाचं निदान अशा रीतीनं दोनदा माझ्या अंगावरून चालत गेलं.

"आता तुमीच लिवून दिल्यालं जेवा," तानूबाई म्हणाली आणि तिनं मला सोनाच्या नेहमीच्या जागी, मोरीशेजारी बसवलं. परातीत भाकरी चुरली आणि वरून तूप ओतलं. चुरा पोहायला लागला. माणदेशात पाहुण्यानं ताटात टाकणं म्हणजे यजमानीणबाईच्या तोंडावर मारणं. चार घासांपुढं मला जाईना. तानूबाई चुलीकडे वळली तशी मी मूठभर काला उचलला आणि हात पाठीमागून मोरीच्या भोकाकडे नेला.

भोकातून एक ओलं नाक आधीच आत आलं होतं.

घास संपल्यावर त्या नाकानं माझ्या हाताला ढोसणी दिली. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, गिऱ्हाईक रोजचं. मी वर पाहिलं. दारातून सोना माझ्याकडे बघत होती. दोघंही चोर, बोलणार कोण?

"आं, संपलं बी?" तानूबाई म्हणाली. "घ्या की आनिक."

जेवणानंतर तानूबाईला पान-सुपारी आणायला पिटाळून मी सोनाला विचारलं.

"सासूबाईस्नी सांगू नगा," ती म्हणाली. "तूप खाल्लं की पोटात कळा येत्यात. मग घडीघडी तांब्या घिऊन रानात पळा. आन् समदं तेलकट. बाया हसत्यात. आधी निस्तं तूपच टायग्याला द्यायची. आता ताट बघूनच भ्या वाटतं, मग भाकरी बी देती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी दुप्पट केलं."

तेलकट म्हटल्यावर पुस्तकातलं एक पान आठवलं. तूप पचायला स्वादुपिंडाचा, म्हणजे जठरामागच्या एका ग्रंथीचा, रस लागतो. तो नसेल तर घातलेलं तूप जसंच्या तसं बाहेर. त्या रसाची पूड पुण्याहून मागवता यायची. ती डुकराच्या ग्रंथीपासून करतात, हे तानूबाईनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

कुत्र्याचंही बोललो नाही. एवढंच म्हणालो, तूप बंद, थोडं थोडं खाऊ द्या, आणि समोर कुणी बसायचं नाही.

तानूबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी गाव म्हनत व्हतं त्येच करू? तिचा बा तर गाडीच जुपंल."

"मी चावडीवर येऊन सांगतो."

"तोंडाचं काय खरं न्हाई. कागुद द्या."

शेवटी दिला: "सदर सासू सदर सुनेस डॉक्टरच्या हुकमावरून तूप देत नाही." खाली शिक्का. तो तिनं गावभर फिरवला.

पुडीनं कळा थांबल्या, हळूहळू ताटाची भीतीही ओसरली. दिवाळीला नवरा रजेवर आला तोवर सोनाच्या गालावर थोडं मांस आलं होतं. बाप गाडी जुंपून आला, लेकीला पोटभर जेवताना पाहिलं आणि रिकामी गाडी घेऊन गेला. खोकला काही हटला नाही. तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता. पुष्कळ वर्षांनी सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आजाराबद्दल वाचलं: चिकट कफ, न पचणारं तूप आणि खारट घाम. खारट घामाशी येऊन मी थांबलो. ती शेळी मायाळू नव्हती. सोनाला तेच होतं, असं छातीठोकपणे सांगणार नाही. शेळीचं निदान आजवर कुठल्या परीक्षेत ग्राह्य धरलेलं नाही.

दिवाळीनंतर पुन्हा त्यांच्याकडे गेलो. टायगर चांगला सडसडीत झाला होता. मला पाहताच उठला, भुंकला आणि सायकलवरून उतरायच्या आत त्यानं माझी पोटरी धरली. तूप कुणी बंद केलं, हे त्या घरात त्यालाच सगळ्यांत नेमकं कळलं होतं.

तेव्हापासून पेशंट काय खातो हे मी पेशंटलाच विचारतो. मग घरचं कुत्रं बघतो. लांबून.