जोडीनं ठेवलेला चौकीदार

आमच्या इकडं जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या कारखान्यावर, एकट्या माणसाले कोणी चौकीदार ठेवत नाही. जोडी पाहिजे. फाटकाजवळ एक खोली देतात. पगार नवऱ्याचा, काम दोघांचं. वणीकडच्या एका जिनिंगवर मी असाच लागलो. मी फाटक सांभाळायचो. बायको अंगण झाडायची, मजुरांचं पाणी भरायची, कापसातून कवडी वेचायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस. धूळ छातीत जाऊन खोकायची, पण बसायची नाही. तिच्या हातात मजुरी कधी पडली नाही.

उन्हाळ्यात ती गेली. तेरवी होत नाही तर शेठनं तिच्या कामावर एक बाई लावली. रोजीनं, सरकारी दरानं. बाई कमी रोजीत ऐकणारी नव्हती. माझ्या बायकोचाच खराटा घेऊन ती झाडत होती. मी पाहत राहिलो. आधी रडू आलं, मग राग.

तसाच शेठच्या कचेरीत गेलो.

"शेठ, हिले रोजी देता, मग माह्या बायकोले काहून नाही देल्ली?"

"बाबा, ते तुही घरवाली होती. मजूर थोडीच होती? घरच्या माणसाले कायदा लागत नाही."

"घरची कोणाची, शेठ? माही का तुमची?"

मुनीम हसला. शेठ नाही हसला.

मी यवतमाळले मजुरीच्या सरकारी ऑफिसात गेलो, तक्रार देल्ली. तारखेले शेठ आला अन् साहेबापुढं म्हणाला, "ते बाई कामावर नव्हतीच."

मी म्हटलं, "मग मले ठेवताना बायको आहे का, हे कायले इचारलं? सोयरीक करायची होती का?"

साहेबानं मान खाली घातली, पण हसू दिसलं.

बाहेर शेठनं मले झाडाखाली नेलं. "तक्रार मागं घे, बाबा. एकटा असला तरी मरेपर्यंत खोली तुही."

"ते मजूर होती, एवढं आत येऊन सांगा. खोली मी आजच खाली करतो."

तो गाडीत जाऊन बसला. खोली मी तरीही खाली केली. त्याच्या उपकाराखाली मले झोप आली नसती. आता पुतण्याच्या ओसरीवर राहतो अन् तारखेले एसटीनं जातो.

मागच्या तारखेले साहेबानं तिचं नाव लिहून घेतलं. म्हणाला, "काय करायच्या त्या? घरकाम लिहू?"

"मजूर लिहा," म्हटलं.

त्यानं लिहिलं अन् वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचून दाखवायले लावलं.